'चल' आणि 'येशील का?'

डान्सच्या गाण्यांतले प्रेमिक कायम घाईत. आजचीच रात्र, उद्याचं उद्या बघू. हे ऐकून आपण सरसकट म्हणतो, काय धाडसी गाणं! पण मनात आलं ते केलं ही झाली उत्स्फूर्तता. समोरचा 'नाही' म्हणेल हे माहीत असूनही मन उघडं करणं, ही जोखीम.

लेडी गागाचं २००८ मधलं 'जस्ट डान्स' घ्या. किल्ल्या सापडत नाहीत, फोन हरवलाय, क्लबचं नावही आठवत नाही. तरी नाचत राहा! मस्त गाणं आहे, पण त्यात गमावण्यासारखं त्या फोनपलीकडे काही नाही.

स्वीडिश गायिका रॉबिनचं 'डान्सिंग ऑन माय ओन' (२०१०) नेमकं उलट. जिच्या तोंडी गाणं आहे तिचा ज्याच्यावर जीव, त्याला नवी कुणी मिळाल्याचं तिच्या कानावर आलंय. तरी स्वतःच्या डोळ्यांनी बघायला ती जाते आणि कोपऱ्यात उभी राहते. उत्स्फूर्त काहीच नाही, सगळं ठरवून. पणाला मात्र सगळं लागलंय.

कॅनडाची गायिका कार्ली रे जेप्सनच्या 'कॉल मी मेबी'त (२०११) दोन्ही एकत्र भेटतात. नुकत्याच भेटलेल्या मुलाला ती सरळ नंबर देते, ही उत्स्फूर्तता. जोखीम आहे त्या 'मेबी'त. माझ्या मते अख्खं गाणं त्या एका शब्दावर उभं आहे.

मग गफलत होते कुठे? ठेक्यात. हाऊस संगीत, म्हणजे क्लबमधलं इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत, साधारण मिनिटाला १२० ते १३० ठोक्यांनी चालतं. बिल्ड-अपमध्ये, म्हणजे ताण वाढवत नेणाऱ्या भागात, बेस (खालचा घुमणारा आवाज) काढून घेतात, स्नेअर (ड्रमचा कडक ठोका) जलद होत जातो आणि आपला जीव टांगणीला लागतो. शब्द कितीही बिनधोक असोत, छातीतली धडधड त्यांच्या नावावर जमा होते. पण ड्रॉप, म्हणजे बेस आणि ठेका पूर्ण जोराने परतण्याचा क्षण, बहुतेक येतोच. माणसाचं तसं नसतं.

ओळखायचं असेल तर आधी क्रियापद बघा. 'चल, नाचूया' म्हणणाऱ्याने नकाराला जागाच ठेवलेली नसते. 'येशील का?' म्हणणारा उत्तराची वाट बघत उभा असतो. अर्थात, ही खूण दरवेळी चालत नाही. आबा (ABBA) या स्वीडिश बँडचं १९७८ मधलं 'टेक अ चान्स ऑन मी' ऐका. व्याकरणाने ती आज्ञा आहे, जोखीम घ्यायची ती समोरच्याने. पण त्याचं मन बदलेपर्यंत ताटकळत उभी आहे ती गाणारीच.