दहा गुंठ्यांचे गणित : लहान जमिनीवरच्या स्वावलंबनाची पार्श्वभूमी

जमिनीच्या लहानशा तुकड्यावर कुटुंबाने आपले अन्न आपणच पिकवावे आणि बाजारावरचे अवलंबन शक्य तितके कमी करावे, या कल्पनेकडे आज बहुधा शहराला कंटाळलेल्या माणसांचा एक पर्याय म्हणून पाहिले जाते. महाराष्ट्रात मात्र तिचे मूळ शहरात नाही. वाट्याला येणारी जमीनच पिढ्यानपिढ्या आक्रसत गेली, आणि जेवढी उरली तेवढीत कसे जगायचे या प्रश्नातून इथे ही कल्पना पुढे आली. कृषिगणनेनुसार १९७०-७१ मध्ये राज्यातील सरासरी जमीनधारणा ४.२८ हेक्टर होती; २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली. सरासरीच इतकी खाली आल्यावर एकर-दोन एकरांचे धनी किती असतील, याचा अंदाज कोणालाही करता येईल.

मुळात एकेका घराने स्वयंपूर्ण व्हावे ही अपेक्षा जुन्या देशावरच्या गावगाड्यात नव्हतीच. गाव बऱ्याच अंशी स्वयंपूर्ण होते, घर नव्हते. कुणब्याचा नांगर सुतार भरत असे, फाळाला टोक लोहार काढून देत असे, मोट आणि चामड्याचे काम चांभार-मांगांकडे असे, आणि सुगीला खळ्यावर प्रत्येकाला बलुत्याचा वाटा मिळत असे. ही व्यवस्था न्याय्य होती असे म्हणता येणार नाही, कारण तिचे सगळे ओझे जातीच्या उतरंडीवर तोललेले होते आणि तळाशी असलेल्यांच्या वाट्याला कष्ट पुष्कळ व धान्य थोडे येई. घरापुरते भरघोस पिकवणारी लहान जमीन शोधायची तर ती कोकण-गोव्याकडे सापडते. फोंड्याच्या परिसरातील कुळागरात पोफळी, माड, केळी, मिरवेल आणि पानवेल एकमेकांच्या सावलीत वाढतात आणि डोंगरातून उतरणाऱ्या पाटाच्या पाण्यावर बारमाही जगतात. वसईच्या वाड्यांमध्येही केळी आणि पानमळ्यांची अशीच दाट लागवड होती. पाणी जवळ असले की थोडी जमीन किती देऊ शकते, हे या बागांनी शास्त्र लिहिले जाण्याच्या कितीतरी आधी दाखवून दिले होते.

देशावरचे चित्र एकोणिसाव्या शतकात बदलले. १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी घालून दिलेली रयतवारीची पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. तिच्यात सारा रोखीत ठरला आणि तो भरण्याची जबाबदारी प्रत्येक खातेदारावर स्वतंत्रपणे आली. रोकड हवी म्हणून पीक विकणे आले, आणि हंगाम बुडाला की सावकार आला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जखते जाळली, तिच्यामागे ही साखळी होती. ज्या शेतकऱ्याला घरचे धान्य खळ्यावरच विकून पुढे तेच धान्य उधारीवर परत आणावे लागते, त्याच्या दृष्टीने स्वावलंबन हा जगण्यामरण्याचाच प्रश्न असतो.

त्या काळातल्या जमिनीच्या विभागणीचा सर्वांत नेटका हिशेब डॉ. हॅरॉल्ड मान यांनी मांडला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात काम करणाऱ्या या शास्त्रज्ञाने पिंपळे सौदागर हे पुण्याजवळचे गाव घरोघरी फिरून अभ्यासले. आज पिंपरी-चिंचवडच्या इमारतींत गडप झालेल्या या गावात १७७१ मध्ये सरासरी जमीनधारणा ४० एकर होती. १८१८ मध्ये ती साडेसतरा एकर झाली आणि १९१४-१५ पर्यंत अवघी ७ एकर उरली. हे सात एकरही एका जागी नव्हते. वाटण्या होताना प्रत्येक भावाला प्रत्येक प्रतीच्या जमिनीतला हिस्सा हवा असे, त्यामुळे शेताच्या चिंध्या झाल्या आणि त्यांतले कित्येक तुकडे पाव एकराहूनही लहान होते. मान यांच्या दृष्टीने हे तुकडे म्हणजे शेती बुडाल्याची खूण होती. पुढे १९४७ चा तुकडेबंदी आणि तुकडेजोड कायदा याच विचारातून आला. गंमत अशी नव्हे, तर विशेष असे, की ज्या पाव एकराला अभ्यासक आणि कायदा दोघांनीही शेतीच्या लायकीचे मानले नव्हते, नेमका तोच पाव एकर काही दशकांनी एका गणिताच्या प्राध्यापकाने कुटुंबाच्या निर्वाहाचे एकक म्हणून निवडला.

त्याआधी वर्ध्याकडे वळावे लागते. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम मगनवाडीतून चाले आणि गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा ते पाहत. त्यांनी प्रश्न उलटा मांडला. या जमिनीतून किती पैसा निघेल असे न विचारता, माणसाला संतुलित आहारासाठी धान्य, डाळ, भाजी, फळे, तेल, दूध आणि कपड्यासाठी कापूस किती लागतो आणि तो पिकवायला कोणत्या पिकाखाली किती जमीन हवी, असा हिशेब त्यांनी एक लाख लोकवस्तीसाठी केला. एकक एका घराचे नव्हते, पण पद्धत तीच होती जी पुढे सर्वांनी वापरली : आधी ताट, मग शेत. जवळच पवनारच्या परंधाम आश्रमात विनोबांनी १९५० मध्ये कांचनमुक्तीचा प्रयोग सुरू केला. पैशाचा व्यवहार टाळायचा, बैलही न वापरता कुदळ-फावड्याने जमीन कसायची आणि विहिरीचे पाणी स्वतः ओढून भाजीपाला व धान्य पिकवायचे, असे त्याचे स्वरूप होते. या शेतीला त्यांनी ऋषिशेती म्हटले. पुढच्याच वर्षी पोचमपल्लीत भूदानाची सुरुवात झाली आणि विनोबा पदयात्रेत गुंतले. त्यामुळे हा प्रयोग भूदानाच्या सावलीत राहिला, पण माझ्या मते लहान जमिनीच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे. जनावराच्या वैरणीसाठी लागणारी जमीन हिशेबातून वजा केली तर माणसाच्या वाट्याला किती येते, हे तिथे प्रत्यक्ष श्रमाने तपासले गेले.

हे सगळे धागे श्रीपाद अच्युत दाभोळकर यांच्याकडे येऊन मिळतात. १९२४ साली जन्मलेले दाभोळकर गणिताचे प्राध्यापक होते आणि कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटीच्या मौनी विद्यापीठात शिकवत. साठच्या दशकात त्यांनी प्रयोग परिवार उभा केला. त्याला ना मोठे कार्यालय होते, ना अनुदान. आपल्या शेतात स्वतः प्रयोग करायचा, त्याची नोंद ठेवायची आणि जे कळले ते दुसऱ्याला मोकळेपणाने सांगायचे, एवढीच सभासदत्वाची अट म्हणता येईल. सांगली-तासगाव पट्ट्यातल्या द्राक्षबागायतदारांनी ही पद्धत उचलली. छाटणीनंतर काडीवर किती पाने ठेवायची, किती पाने एक घड पोसू शकतात, मुळी कुठे आणि किती खोलीवर चालते, अशा गोष्टी हे शेतकरी मोजू लागले. महाराष्ट्राच्या द्राक्षशेतीने पुढे जी झेप घेतली, तिच्यात या मोजण्याच्या सवयीचा वाटा होता.

द्राक्षात जे साधले ते दाभोळकरांना अल्पभूधारकाच्या घरापर्यंत न्यायचे होते. पाच माणसांचे कुटुंब दहा गुंठ्यांत, म्हणजे पाव एकरात, चांगले जगू शकते, अशी मांडणी त्यांनी केली. तिचा आधार असा, की जमिनीचे क्षेत्रफळ ही खरी मर्यादा नसून पानांनी अडवलेले ऊन, मुळांभोवतीची जिवंत माती आणि वेळेवर मिळालेले पाणी या तीन गोष्टींवर उत्पन्न ठरते. म्हणून वेगवेगळ्या उंचीची झाडे अशी लावायची की उन्हाचा कवडसाही वाया जाऊ नये, आणि शेतातला पाचोळा जाळण्याऐवजी त्याचीच माती करायची. अमृतमिट्टी या नावाने ओळखली जाणारी माती करण्याची रीत त्यांचे सहकारी दीपक सचदे यांनी नर्मदाकाठी बाजवाडा येथे पुढे नेली. एक किलो शेण, एक लिटर गोमूत्र आणि ५० ग्रॅम काळा गूळ १० लिटर पाण्यात कालवून तीन दिवस ठेवतात, रोज ते ढवळतात आणि मग दहापट पाणी घालून पातळ करतात. वाळलेला पालापाचोळा बारीक करून त्यात चोवीस तास भिजवतात आणि मूठमूठ माती पसरत त्याचे थर लावून फूटभर उंचीचा ढीग करतात. आठवड्याने एकदा असा महिनाभर तो ढीग वरखाली केला, की त्यावर कडधान्ये, तृणधान्ये, गळिताची आणि मसाल्याची बियाणी मिसळून पेरतात. उगवलेली रोपे तीन आठवड्यांच्या अंतराने तीन टप्प्यांत कापतात आणि ती सुकवून पुन्हा त्याच ढिगात मिसळतात, कारण कोवळे पान आणि जून पान मातीला सारखी द्रव्ये देत नाही. एवढे झाल्यावर हाताशी येते ती भुसभुशीत, काळसर, पाणी धरून ठेवणारी माती. मुंबईच्या गच्च्यांवर पिशव्या आणि पिंपांत भाजीपाला पिकवणाऱ्यांनीही दाभोळकरांकडूनच धडे घेतले.

इथे थोडे थांबून हिशेब करायला हवा, कारण दहा गुंठ्यांचे नाव घेताना हा हिशेब अनेकदा सोडला जातो. पाच माणसांना माणशी रोज ४०० ग्रॅम धान्य धरले तर वर्षाला ७३० किलो लागते. दहा गुंठे म्हणजे हेक्टरचा साधारण दहावा हिस्सा. कोरडवाहू ज्वारी हेक्टरी आठ-नऊ क्विंटल आली असे मानले, तरी दहा गुंठ्यांत जेमतेम ८० ते ९० किलो मिळेल आणि वर्षाची भाकरी भागवायला दोन एकरांहून थोडे अधिक लागेल. म्हणजे जिरायत जमिनीवर दहा गुंठ्यांचे वचन उभे राहत नाही. दाभोळकरांची मांडणी कंद, भाज्या, फळे, कडधान्ये आणि त्यांच्या विक्रीतून येणारा पैसा यांच्या मिश्रणावर उभी आहे, आणि तिला बारमाही पाणी व रोजची निगराणी दोन्ही लागतात. हे स्पष्ट न सांगता केवळ ‘दहा गुंठ्यांत संसार’ असे म्हणणे, दुष्काळी तालुक्यातल्या शेतकऱ्यावर अन्याय करणारे आहे असे मला वाटते.

पाण्याचा हा प्रश्न १९७२ च्या दुष्काळानंतर वेगळ्या बाजूने हाताळला गेला. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाणी जमिनीच्या मापाने न देता माणसांच्या मापाने द्यायचे, माणशी अर्ध्या एकरापुरते आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. ऊस लावायचा नाही. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा द्यायचा. आणि जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क विकला जाऊ नये, असे तिचे नियम होते. अर्ध्या एकराला हमखास पाणी मिळाले तर एका माणसाचे पोट भरू शकते, हे गृहीत त्यामागे आहे. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर शेतकऱ्यांनी स्वतः बांधलेले बळीराजा धरण आणि समन्यायी पाणीवाटपाची चळवळ त्याच दिशेने गेली. अभियंते के. आर. दाते यांनी तर कुटुंबाची गरज रुपयांत न मोजता जैवभारात मोजली. अन्न, वैरण, सरपण, जमिनीला परत द्यायचा पाचोळा आणि थोडा विकाऊ माल मिळून पाच जणांच्या कुटुंबाला वर्षाला सुमारे १८ टन कोरडा जैवभार लागतो, असे त्यांचे गणित होते, आणि तेवढा पिकवायला जमीन व पाणी किती हवे हे त्यातून निघत असे. कुमारप्पांचा ताटापासून सुरू होणारा हिशेब इथे सरपण आणि मातीपर्यंत पोचला.

आदिवासी भागात बाएफ या संस्थेने १९८२ मध्ये दक्षिण गुजरातेतील वांसदा येथे वाडीचा कार्यक्रम सुरू केला आणि पुढे तो जव्हारसारख्या भागांत आला. कुटुंबाच्या साधारण एक एकरावर आंबा-काजूची कलमे, मधल्या जागेत नाचणी, भाजी किंवा कडधान्य आणि बांधाला सरपणाची झाडे, अशी ही रचना आहे. तिच्यात संपूर्ण स्वयंपूर्णतेचा दावा नाही. पावसाळा सरल्यावर घर सोडून वीटभट्टीवर जाणे थांबावे, एवढाच तिचा आग्रह आहे आणि तो मोलाचा आहे.

मराठवाड्यात हा प्रवाह स्त्रियांच्या हाती गेला. लातूर-धाराशिवकडे १९९३ च्या भूकंपानंतर काम करू लागलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गेल्या दशकातल्या दुष्काळात एक एकराचा नमुना पुढे आणला. सोयाबीन आणि उसाखालच्या घरच्या जमिनीतला एक एकर, कधी अर्धाच, बाईने कुटुंबाकडून मागून घ्यायचा आणि त्यात ज्वारी, बाजरी, तूर, मूग, जवस, पालेभाज्या अशी खाण्याची पिके मिसळून घ्यायची. बियाणे घरचे, खत घरचे. यात बाजारात जाणारा पैसा वाचतो, पण त्याहून मोठा बदल असा, की काय पेरायचे हे ठरवण्याचा अधिकार प्रथमच तिच्याकडे येतो. सातबारा मात्र बहुतेक ठिकाणी अजूनही पुरुषाच्याच नावावर आहे, त्यामुळे घरातली संमती फिरली की तो एकर तिच्या हातून जाऊ शकतो. तुकडेबंदीच्या नियमांत २०२३ मध्ये बागायतीसाठी दहा गुंठे आणि जिरायतीसाठी वीस गुंठे अशी किमान मर्यादा ठरवण्यात आली. जमिनीच्या खरेदी-विक्रीपुरते दहा गुंठ्यांचे माप अशा रीतीने कायद्यात आले. ते कसणारीच्या नावावर आणण्याची तरतूद त्यात नाही.