अंतराळात यकृताचे काय होते?

मालवणच्या किनाऱ्यावर मोरी, म्हणजे शार्क मासा, कापताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांच्या लक्षात तिचे फिकट, तेलाने निथळणारे भलेमोठे काळीज नक्की राहिले असेल. काळीज म्हणजे मुळात यकृतच. मोरीच्या पोटात इतर माशांसारखी हवेची पिशवी नसते, म्हणून तिला पाण्यात तोलून धरण्यास हे हलके तेल मदत करते. ‘अ’ जीवनसत्त्वाचा साठाही याच यकृतात असतो.

आपल्याही शरीरातील बहुतेक ‘अ’ जीवनसत्त्व यकृतातच असते आणि ते सांभाळणाऱ्या पेशी मला फार विलक्षण वाटतात. यकृतपेशी आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीत या ताराकृती पेशी बसलेल्या असतात. कुप्फर या शास्त्रज्ञाने १८७६ मध्ये त्यांचे वर्णन केले. निरोगी यकृतात त्या शांत असतात. स्वतःच्या आतल्या मेदाच्या थेंबांत रेटिनॉल, म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्व, साठवून ठेवतात. यकृताला सतत इजा होऊ लागली की त्यांचे रूपच पालटते: थेंब नाहीसे होतात, रेटिनॉल निघून जाते आणि पेशी कोलॅजन या चिवट प्रथिनाचे तंतू विणू लागतात. तंतू वाढत गेले की यकृत कडक होते आणि रक्ताची वाट अडते.

जुलै २०११ मध्ये अटलांटिस या अंतराळयानाच्या अखेरच्या फेरीत उंदीर पाठवले होते. तेरा दिवसांनी परतलेल्या या उंदरांचे वजन घटले होते, पण यकृतात मेद वाढला होता आणि मेदाच्या थेंबांतले रेटिनॉल कमी झाले होते. ताराकृती पेशी जाग्या होत असल्याची ही खूण असू शकते. तंतू प्रत्यक्ष तयार होण्यास तेरा दिवस अपुरे आहेत, शिवाय उड्डाणाचा ताण आणि किरणोत्सर्ग यांचा वाटा वजनरहित अवस्थेपासून वेगळा काढणे अवघड आहे. म्हणून ‘अंतराळात यकृत निकामी होते’ असे मथळे देणे चुकीचे ठरेल. काविळीवर गळ्यात माळ घालून ती लांबत जाण्याची वाट पाहणे जितके घातक, तितकीच ‘यकृत शुद्ध करणाऱ्या’ चूर्णांची जाहिरातही दिशाभूल करणारी आहे. ताराकृती पेशींना शांत करण्याचे काम या दोन्हींतून होत नाही.

जुलै २०२५ मध्ये अंतराळवीर शुभांशू शुक्ला अंतराळ स्थानकातून परतले, तेव्हा चर्चा हाडांची आणि स्नायूंची झाली. त्यांचा मुक्काम अठरा दिवसांचा होता. मंगळाच्या केवळ एकतर्फी प्रवासालाच सहा ते नऊ महिने लागतात, आणि तेवढ्या काळात या पेशी काय करतील, हे तेरा दिवसांच्या उंदरांवरून सांगता येत नाही.