बादली वास का मारते?

पहिल्या वर्षी आमच्या बाल्कनीतली खताची बादली एवढी वास मारायला लागली की शेजारच्या काकूंनी विचारलं, उंदीरबिंदीर मेलाय का रे? झालं होतं असं की ऐन मे महिन्यात कलिंगडाची सालं, आंब्याच्या कोयी, उरलेला वरणभात जे येईल ते आत टाकत गेलो आणि वास नको म्हणून वर झाकण घट्ट लावलं. तिथंच चुकलं.

ओल्या कचऱ्यात पाणीच इतकं असतं की सगळं खाली दबतं, मधली हवा जाते, मग ऑक्सिजनवर जगणारे बॅक्टेरिया मागे पडतात आणि हवेशिवाय जगणारे जोर धरतात, कुजक्या अंड्याचा वास म्हणजे त्यांनी सोडलेला हायड्रोजन सल्फाइड. वास नाकाला झोंबत असेल तर मात्र तो अमोनिया, म्हणजे नायट्रोजन जास्त झालाय. खत करणाऱ्या, ऑक्सिजनवर जगणाऱ्या बॅक्टेरियांना 1 भाग नायट्रोजनला साधारण 25 ते 30 भाग कार्बन लागतो, स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात तेवढा नसतो, सुक्या पानांत भरपूर असतो.

मग काय, झाडणाऱ्या मावशींकडून पोतंभर सुकी पानं मागून घेतली (त्या आधी हसल्या). एक थर ओला, एक थर पानं, बादलीला बाजूनं भोकं, विरजणासारखं मूठभर जुनं खत आणि तीन-चार दिवसांनी काठीनं खालीवर. ओल किती हवी ते मुठीत दाबून कळतं, लाडवासारखं वळलं तर ठीक, बोटांतून पाणी गळलं तर अजून पानं घाला. वास चारेक दिवसांत गेला.

आपण पिशवीला गाठ मारून देतो त्या ओल्या कचऱ्याचंही असंच होतं, फक्त डोंगराएवढं. मुंबईत देवनारच्या कचरा डेपोत 1927 पासून कचरा पडत आलाय, आत हवा नाही म्हणून मिथेन तयार होतो आणि तो पेटतो. जानेवारी 2016 मध्ये तिथं आग लागली तेव्हा धूर उपग्रहाच्या फोटोत दिसला होता. न पेटता नुसता हवेत गेला तरी 100 वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या 25 पटीहून जास्त उष्णता धरतो.

दोन-अडीच महिन्यांनी बादली घमेल्यात उलटी केली. काळंभोर, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास. ओळखू येत होत्या फक्त कोयी, त्यातल्या एकीला चक्क कोंब फुटलेला. आई म्हणाली, आता हे झाड तिसऱ्या मजल्यावर कुठं लावणार आहेस?