शुगरची वही, मीटरची मेमरी आणि १४ दिवसांचा ग्राफ

हल्ली शुगरच्या तपासणीला जायचं म्हटलं की "१४ दिवसांचा डेटा घेऊन या" असं सांगतात, तर हे १४ आलं कुठून त्यावर थोडं. फास्टिंग-पीपी सगळ्यांना माहिती आहे, ते सोडून देतो.

लघवीचा काळ पटकन उरकतो. परीक्षानळीत निळं द्रावण, तापवलं की हिरवं-पिवळं-विटकरी, आणि रंगावरून अंदाज. रक्तातली साखर साधारण १८० च्या पुढे गेल्याशिवाय लघवीत उतरतच नाही आणि कमी झालेली तर कळतच नाही. रक्ताची पट्टी १९६० च्या दशकात आली, मीटर १९७० च्या आसपास, पण तो दवाखान्यातला, चांगला जड. घरी बोट टोचणं रुजलं १९७० चं दशक संपता संपता, आणि तिथून वही सुरू झाली.

वहीवरचा विश्वास मात्र फार टिकला नाही. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात पेशंटना मीटर दिले, पण आत मेमरी आहे हे सांगितलंच नाही, आणि नंतर वही ताडून बघितली तर बऱ्याच जणांचे आकडे मेमरीपेक्षा कमी लिहिलेले, काही तर टेस्ट न करताच लिहिलेले. यावरून पेशंट खोटारडा असा जो सूर निघाला तो मला अजिबात पटत नाही, कारण २४० लिहिलं की केबिनमध्ये बोलणी खायची हे माहिती असल्यावर माणूस १६०च लिहिणार ना. पण त्यातूनच सगळे दिवस एकाच २४ तासांच्या पट्टीवर एकावर एक ठेवून बघायची कल्पना निघाली, १९८७ मध्ये. १४ दिवसांच्या डेटाचा आजचा ग्राफ, ज्याला एजीपी म्हणतात, तो हाच.

मध्ये १९९३ ला टाइप १ च्या १,४४१ पेशंटवरची मोठी चाचणी आली, शुगर काटेकोर ठेवली तर डोळे-किडनी-नसा वाचतात हे तिने दाखवलं, आणि एचबीए१सी म्हणजे आपली 'तीन महिन्यांची' राजा झाली. पण आपल्याकडे नाशिक जिल्ह्यात पेठ-सुरगाण्याच्या पट्ट्यात सिकलसेल आहे, लाल पेशी लवकर मरतात तिथे हा आकडा खोटा कमी येऊ शकतो, आणि लोह कमी असेल तर उलट जास्त दिसू शकतो, हे किती जणांना कुणी सांगितलेलं असतं देव जाणे.

दंडावर चिकटवायचा, आपोआप शुगर मोजत राहणारा सेन्सर भारतात २०१५ च्या सुमारास आला, पेशंटला काही दिसायचं नाही, १४ दिवसांनी दवाखान्यात जाऊन डाउनलोड. १५ मिनिटाला एक म्हणजे दिवसाला ९६ रीडिंग, एवढं वाचणार कोण? मग २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ठरवलं की १४ दिवसांचा डेटा, त्यातला निदान ७० टक्के भरलेला, आणि शुगर ७० ते १८० मध्ये ७० टक्क्यांहून जास्त वेळ. दोन आठवड्यांचे आकडे तीन महिन्यांच्या आकड्यांशी बऱ्यापैकी जुळतात हा त्याचा आधार, शिवाय तेव्हाचा सेन्सरही १४ दिवसच चालायचा, तो योगायोग किती आणि सोय किती हा वाद आहेच.

मला विचाराल तर हे गणित ज्याचे सगळे दिवस सारखे जातात त्याला लागू पडतं. आपल्याकडे तेच १४ दिवस नवरात्रात आले की निम्मे दिवस साबुदाणा-भगर आणि संध्याकाळी कालिकेच्या यात्रेत पायपीट, जानेवारीनंतर आले की घरात द्राक्षांची क्रेट, आणि सातपूर-अंबडला कंपनीत असाल तर एक आठवडा फर्स्ट शिफ्ट एक आठवडा नाईट. ग्राफ घड्याळाप्रमाणे दिवस एकावर एक ठेवतो, त्यामुळे पहाटे ३ ला एका आठवड्यात तुम्ही झोपलेले आणि दुसऱ्यात डबा खाऊन मशीनवर उभे, दोन्हीचा मिळून जो पट्टा येतो तो ना या आठवड्याचा ना त्या. तो बघून रात्रीचा डोस वाढवला तर? म्हणून शिफ्ट, उपवास, गोळी चुकली, ताप आला, हे तारखेसकट एका कागदावर लिहून न्यावंच लागतं, मशीनला त्यातलं काहीच कळत नाही. सेन्सरच्या कुशीवर झोपलात तरी मध्यरात्री खोटी लो दिसते, तेही लिहा.

आणखी एक, ज्याचा उल्लेखच होत नाही. वयस्कर आणि जोखमीच्या पेशंटसाठी त्याच २०१९ च्या ठरावात ५० टक्क्यांहून जास्त वेळ पुरे म्हटलंय, पण ७० च्या खाली १ टक्क्याहून कमी. घरातले आजोबा ५५ टक्के बघून घाबरतात आणि जेवण कमी करतात, तिथे खरं बघायचं ते खालचं टोक.

सेन्सर सगळ्यांना परवडत नाही, बहुतेकांचं अजून बोट टोचणंच चालू आहे, आणि आता मेमरीवरूनच रीडिंग काढतात. फक्त सेल बदलला की बऱ्याच मीटरची तारीख-वेळ उडते, ती परत लावली नाही तर सकाळची उपाशीपोटीची १३० रात्री ९ ची म्हणून निघते.