चवथ आहे, म्हणजे तीनला भरती

मे महिना लागला की एक बातमी ठरलेली असते. कुणीतरी हौसेने गाडी थेट बीचवर नेली, चाकं रुतली, पाणी चढलं, आणि मग ट्रॅक्टर लावून गाडी ओढतानाचे व्हिडिओ. आणि त्यात एक वाक्य हमखास असतं, 'पाणी अचानक आलं'. हे वाक्य वाचलं की मला राहवत नाही, कारण समुद्राइतकी वेळेची पक्की गोष्ट निसर्गात फार थोडी असेल. भरती अचानक येत नाही. ती कधी येणार हे कोकणातली कुठलीही आजी बोटांवर मोजून सांगते.

आम्ही या सुट्टीत नागावला राहिलो होतो, अलिबागच्या खाली, आम्ही दोघं, आत्या, तिची मुलं आणि माझा नऊ वर्षांचा भाचा. जिथे उतरलो त्या घरच्या आजींनी पहिल्याच सकाळी चहा देताना सांगितलं, "आज चवथ आहे, तीनला भरती. पोरांना आत्ता न्या, नवाला पाणी लांब असेल, नि ओहोट चालू असताना खाडीच्या तोंडाशी जाऊ देऊ नका, ओढ असते." घड्याळ नाही, अॅप नाही. मी विचारलं कसं काढलंत, तर म्हणाल्या, तिथीची पाऊणकी.

पाऊणकी म्हणजे पाऊणचा पाढा. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घ्यायचे ना, तीच. तिथीला पाऊणने गुणायचं, जे येईल तेवढ्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थी, चार पाऊणे तीन, म्हणून दुपारी तीन आणि रात्री तीन. अष्टमी, आठ पाऊणे सहा, म्हणून सकाळ-संध्याकाळ सहा. आणि भरतीपासून सव्वासहा तासांच्या आसपास ओहोटी. कालनिर्णय भिंतीवर असलं की झालं.

हे का चालतं? चंद्र रोज आकाशात थोडा थोडा मागे पडतो. आज जिथे डोक्यावर आला तिथे उद्या यायला पृथ्वीला 24 तासांवर साधारण 50 मिनिटं जास्त फिरावं लागतं, म्हणून भरतीही रोज तेवढी उशिरा. तिथीच्या हिशोबाने पाहिलं तर 30 तिथ्यांत मिळून पूर्ण 24 तासांचा फरक पडतो, म्हणजे एका तिथीला 48 मिनिटं. आजींची पाऊणकी 45 धरते. तीन मिनिटांची चूक, पण तोंडी हिशोब सोपा! पौर्णिमेपर्यंत ही चूक साठत पाऊण तास होते, पण होडी लोटायला किंवा कुलाबा किल्ल्यात पायी जायला तेवढं पुरतं.

आता माझा खरा आवडीचा भाग, तो म्हणजे चंद्र नक्की करतो काय. शाळेत आपण शिकलो की चंद्र पाणी वर खेचतो आणि डोळ्यासमोर असं चित्र राहतं की जणू लोहचुंबकाने टाचणी उचलावी तसा समुद्र उचलला गेला. पण आकडे बघा. चंद्र डोक्यावर असताना भरतीचं त्याचं बळ पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या साधारण एक कोटीव्या भागाइतकं असतं. साठ किलोचा माणूस तेव्हा फक्त सहा-सात मिलिग्रॅमने हलका होतो. एवढ्याशा बळाने पाणी उचललं जाणं शक्यच नाही.

मग पाणी चढतं कसं? आडवं सरकून! चंद्र जिथे डोक्यावर नसतो, आकाशात अर्ध्यावर असतो, तिथे हे बळ थोडं बाजूला ओढतं. वरच्या दिशेला पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण आडवं येतं, पण बाजूला ओढायला समुद्रात कोण अडवतंय? म्हणून पाणी सगळीकडून हळूहळू चंद्राखालच्या जागेकडे सरकतं आणि तिथे गोळा होतं. हे बाजूचं बळ किती, तर समजा कुणी समुद्राचं टेबल किंचित कलतं केलं, इतकं किंचित की हजार किलोमीटरला फक्त आठ सेंटिमीटर. उतार नगण्य आहे पण महासागर हजारो किलोमीटर लांब आहे, आणि थोड्या उताराला प्रचंड लांबीने गुणलं की अर्धा-पाऊण मीटर उंची तयार होते. भरतीचं सगळं रहस्य या गुणाकारात आहे, मला तर हे कळलं त्या दिवशी मी किती वेळ नुसता कागदावर उतार काढत बसलो होतो.

आणि म्हणूनच विहिरीला भरती येत नाही. किलोमीटरभर लांबीच्या तलावात हाच उतार मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकाही फरक पाडत नाही. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती सारखी फॉरवर्ड होत असते, की माणसाच्या शरीरात सत्तर टक्के पाणी आहे म्हणून पौर्णिमेला आपल्यातही भरती येते आणि डोकं फिरतं. आडव्या झोपलेल्या माणसाची लांबी घेऊन हाच हिशोब करा, फरक येतो केसाच्या जाडीच्या पाचशेव्या भागाच्या आसपास. लांबीच नाही तर भरती कुठून येणार? तसंच 'अमावस्येला समुद्र माणूस मागतो' हेही. मागत वगैरे काही नाही, त्या दिवशी उधाण असतं, पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, खाडीत जोरात वाहतं. भीती बाळगायची तर त्या ओढीची बाळगा.

दिवसातून दोनदा भरती का, चंद्र तर एकच आहे? हे भाच्याला वाळूवरच दाखवलं. तीन मुलं एका दिशेने पळवली, पहिला सगळ्यात जोरात, मधला त्याहून हळू, शेवटचा सगळ्यात हळू. मधल्याला विचारलं काय दिसतं, तर म्हणाला एक पुढे गेला, एक मागे राहिला. बस. चंद्राच्या बाजूचं पाणी हा पहिला, पृथ्वी हा मधला, पलीकडचं पाणी शेवटचा. म्हणजे महत्त्व ओढीला नाही, ओढीतल्या फरकाला आहे. सूर्याचंही तेच, तो चंद्रापेक्षा 2 कोटी 70 लाख पट वजनदार पण साधारण 390 पट लांब, आणि हा फरक अंतराच्या घनाने कमी होतो, म्हणून सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही थोडा कमी. अमावस्या-पौर्णिमेला दोघं एका रेषेत, म्हणून उधाण. अष्टमीला काटकोनात, म्हणून भांग, पाणी ना धड चढत ना धड उतरत.

इथवरचं गणित न्यूटनचं, 1687 सालचं. पण ते अपुरं आहे आणि खरी मजा पुढे आहे. पाण्याचा हा फुगवटा चंद्राखाली राहायचा तर त्याला विषुववृत्तावर ताशी सोळाशे किलोमीटरहून जास्त वेगाने पळायला हवं. चार किलोमीटर खोल समुद्रात लांब लाटेचा वेग ताशी सातशेच्या आसपासच असतो, तोही खोलीच्या वर्गमुळावर ठरतो, उथळ पाण्यात आणखी कमी. शिवाय मध्ये खंड आडवे. म्हणून फुगवटा चंद्राला गाठूच शकत नाही, प्रत्येक महासागरात पाणी परातीतल्या पाण्यासारखं हिंदकळत राहतं, चंद्र फक्त ताल देतो. हे लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने अठराव्या शतकात मांडलं. त्यामुळे आपल्याकडे अमावस्येला दुपारी बाराच्या आसपास, चंद्र माथ्यावर असताना भरती येते हा पुस्तकातल्या चित्राचा पुरावा वाटतो, पण तो योगायोग आहे. लंडनला त्याच दिवशी भरती दोन-तीनच्या सुमारास येते. तिकडे गेलेल्या आपल्या लोकांनी पाऊणकी वापरली तर सरळ चुकेल. आणि मुंबईपुढचा समुद्र दोनशे-तीनशे किलोमीटर उथळ आहे, वर खंभातचं आखात नरसाळ्यासारखं अरुंद होत जातं, म्हणून गोव्याला दोनेक मीटर असणारा चढउतार मुंबईला चार आणि भावनगरला दहा मीटरच्या घरात जातो. भूमध्य समुद्रात तर तो नावालाच. तिथून आलेल्या अलेक्झांडरच्या सैन्याच्या होड्या इ.स.पूर्व 325 मध्ये सिंधूच्या मुखाशी ओहोटीने कोरड्या पडल्या तेव्हा त्यांना काही कळेना.

आता गाडीकडे येऊ. उधाणाच्या दिवशी भरती बाराच्या आसपास, म्हणजे ओहोटी संध्याकाळी सहाच्या आसपास. नेमक्या सूर्यास्ताला बीच सगळ्यात रुंद, वाळू दाबलेली, टणक, गाडी न्यावीशीच वाटते. पहिल्या तासात पाणी जेमतेम हलतं, माणूस निर्धास्त होतो. कोळी लोकांना माहीत असलेली गोष्ट अशी की सहा तासांत पाणी सारखं चढत नाही, आधी हळू, मधे जोरात, शेवटी परत हळू. चढ तीन मीटरचा असेल तर तासातासाला साधारण 25, 50, 75, 75, 50, 25 सेंटिमीटर. पन्नास मीटर चाललं की एक मीटर चढ अशा सपाट किनाऱ्यावर तिसऱ्या तासात पाणी सदतीस मीटर पुढे येतं. रात्री आठ-नऊला, जेवणाच्या वेळी.

आम्ही ते काठ्या रोवून बघितलं. नवाला पाण्याच्या कडेला पहिली, मग दर तासाला एक, मधल्या वेळात सगळे सुरूच्या सावलीत, आत्या कैरी कापत बसलेली. भाच्याने पावलं मोजली, 24, 46, 71. बाराला चौथी काठी रोवून जेवायला गेलो, तीनला परत आलो तर एकही काठी दिसत नव्हती आणि पाणी कोरड्या वाळूच्या कडेला येऊन थांबलं होतं. दुसऱ्या दिवशी चहा येण्याआधीच भाचा ओट्यावरून ओरडला, "आज पंचमी, पावणेचार!" आणि आजी आतून म्हणाल्या, "बरोब्बर."