योरुबा घराचा चौक

नायजेरियातल्या लागोस शहराच्या ओनिकान भागात तिथल्या योरुबा लोकांच्या संस्कृती आणि इतिहासाला वाहिलेलं जॉन रँडल केंद्र उभं राहिलं, तेव्हा त्याच्या मातकट, जमिनीतूनच वर आल्यासारख्या भिंतींचं बरंच कौतुक झालं. वास्तुकार शेउन ओदुवोले यांनी ते रूप जुन्या मातीच्या घरांवरून घेतलं आहे. मात्र योरुबा घर कळायला भिंतीआधी चौक पाहावा लागतो.

नैऋत्य नायजेरियातल्या इफे, ओयो, इजेबू या नगरांत एकाच मूळ पुरुषाचा सगळा गोतावळा 'अग्बो इले'त, म्हणजे घरांच्या कोंडाळ्यात राहत असे. मधे उघडा चौक, भोवती ओसरी आणि ओसरीमागे लहान, अंधाऱ्या खोल्या. खोली झोपण्यापुरती आणि सामानापुरती. दिवस जायचा ओसरीवर. छपराचे उतार आत वळवलेले असले की पावसाचं पाणी चौकात उतरे आणि रांजणांत साठे. इफेमध्ये अशा चौकांना फुटक्या मडक्यांच्या खापऱ्यांची फरसबंदी असायची. खापऱ्या आडव्या न टाकता कडेवर उभ्या रोवायच्या, तेही नक्षी साधून. उत्खननात सापडलेल्या अशा अनेक फरशा साधारण इ. स. १००० ते १४०० या काळातल्या आहेत. टाकाऊ खापरीतून इतकी टिकाऊ जमीन घडवणाऱ्या हातांबद्दल मला अपार आदर वाटतो.

राजाचा 'आफिन', म्हणजे राजवाडा, हा याच घराचा विस्तार, चौकामागून चौक. ओयोच्या राजवाड्याचं छप्पर शाकारायला प्रजा 'बेरे' गवत घेऊन येई, आणि त्याचा सणच व्हायचा. एकिती प्रदेशात ओसरीचे खांब कोरीव असत. त्यातला थोर कारागीर इसे गावचा ओलोवे. इकेरेच्या राजवाड्यासाठी त्यानं कोरलेला दरवाजा १९२४ मध्ये लंडनच्या वेम्बली प्रदर्शनात गेला आणि परत आला नाही. राजाला बदल्यात इंग्लंडमध्ये बनवलेलं सिंहासन मिळालं. दरवाजा आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. हा सौदा मनाला लागतो.

चौकाला पहिला धक्का बसला तो एकोणिसाव्या शतकात. ब्राझीलमध्ये गुलामीत राबलेले योरुबा लोक परतले, विशेषतः १८३५ च्या बाहियातल्या उठावानंतर. या 'अगुडां'मध्ये कसबी गवंडी आणि सुतार होते. त्यांनी गिलावा, कमानी, माडी आणली; १८९४ ची लागोसमधली शिट्टा-बे मशीद त्याच परंपरेतली. त्यांच्या घरांत मधोमध बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्या असत. श्रीमंत व्यापाऱ्यांनी ही रचना उचलली, छपरावर गवताऐवजी पत्रा चढला आणि पाऊस घराबाहेर पडू लागला. पुढे भाड्याच्या खोल्यांना याच बोळावरून 'फेस मी, आय फेस यू' हे नाव पडलं. पण ही घरंही आता वारशातच जमा आहेत. १८५५ ची लागोसमधली याच शैलीतली इमारत, इलोजो बार, राष्ट्रीय स्मारक असूनही २०१६ मध्ये पाडली गेली.

योरुबा प्रदेशातल्या इबादानच्या विद्यापीठासाठी मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू या ब्रिटिश वास्तुकारांनी काँक्रीटच्या जाळ्या आणि आरपार वाऱ्याच्या इमारती योजल्या. हेच दोघे १९५० च्या दशकात चंडीगडलाही होते. ऊन-वाऱ्याचा विचार त्यांनी मनापासून केला; गोतावळ्याचा चौक त्यांच्या आराखड्याचा गाभा नव्हता.

चौकाचा तो धागा नायजेरियाचेच वास्तुकार डेमास न्वोको यांनी पकडला. ते योरुबा नव्हेत, पण त्यांचं डोमिनिकन प्रार्थनागृह इबादानमध्येच आहे. जांभ्याची माती आणि सिमेंट मिसळून त्यांनी स्वतःचं बांधकाम-साहित्य तयार केलं. २०२३ मध्ये व्हेनिसच्या वास्तुकला बिएनाले या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनानं त्यांना जीवनगौरव म्हणून सुवर्णसिंह हा पुरस्कार दिला. इदुमुजे-उग्बोको या त्यांच्या गावच्या घरात छपराला मधोमध उघडी जागा ठेवलेली आहे. तिथून पाऊस थेट घरात उतरतो आणि खालच्या कुंडात साठतो.