लाइन गेली का जी?

मे महिन्यातली दुपार. कूलर घरघरत असतो आणि एकदम थांबतो. गल्लीत क्षणभर शांतता पसरते, मग शेजारच्या काकू गॅलरीतून विचारतात, "लाइन गेली का जी तुमच्याकडची?" आपणही सांगतो, "हो ना, आत्ताच गेली." वीज हा शब्द कोणाच्या तोंडी येत नाही. नागपुरात वीज आभाळात कडाडते, घरातून जाते ती लाइन.

हाच शब्द घेऊन शहरातून एक चक्कर मारा. हायकोर्ट आणि विधानभवन सिव्हिल लाइन्समध्ये. सीताबर्डी स्टेशनवर ऑरेंज लाइन सोडून अ‍ॅक्वा लाइनची मेट्रो पकडायची. रेशन दुकानापुढे लाइन लावायची. पोरगा बारावी झाला की नातेवाईक विचारणार, "आता कोणती लाइन घेतली?" आणि कॉलेजच्या फाटकाशी कोणीतरी कोणावर तरी लाइन मारत असतो. वीज, वस्ती, गाडीचा मार्ग, रांग, पेशा, प्रेमाची खटपट. एवढे अर्थ एकाच शब्दात, तरी गोंधळ कोणाचाच होत नाही. हे कसं जमतं?

आधी या शब्दाचं मूळ पाहू, कारण ते विदर्भाच्या शेतापर्यंत येतं. लॅटिनमध्ये 'लिनुम' म्हणजे जवस. जवसाच्या खोडातून निघणाऱ्या तागासारख्या धाग्याचं कापड ते लिनन, आणि त्या धाग्याची ताणलेली दोरी ती 'लिनेआ'. ताणलेली दोरी सरळ असते, म्हणून दोरीवरून रेष आली. रेषेवरून रांग, रांगेवरून ओळीने बांधलेल्या बराकी. इंग्रजांच्या काळात लष्कराच्या लाइन्स वेगळ्या आणि मुलकी अधिकाऱ्यांच्या वेगळ्या, त्यांतली मुलकी वस्ती म्हणजे सिव्हिल लाइन्स. दोरीसारखी ताणलेली तार आली तेव्हा टेलिफोनची लाइन झाली, विजेचीही झाली.

आपल्याकडे निळ्या फुलांचं जवस घेतात ते तेलासाठी आणि चटणीसाठी. धाग्याचं जवस उंच वाढतं, त्याला फांद्या कमी असतात आणि त्याला युरोपातली थंड हवा मानवते. पण वनस्पती तीच. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनीअसने १७५३ साली तिच्या नावातच 'अत्यंत उपयोगी' असं विशेषण घातलं. भाकरीसोबत जवसाची चटणी खाताना आपण 'लाइन'च्या मुळाशीच बसलेले असतो, हे मला कळलं तेव्हा फार आनंद झाला होता.

धाग्यावरून सरळपणा, ही वाट आपल्या भाषेनेही तुडवली आहे. सूत म्हणजे धागा, आणि वठणीवर आलेला माणूस सुतासारखा सरळ होतो. सूत्र म्हणजेही मुळात धागाच. मग तो नियम झाला, गणितातला फॉर्म्युला झाला, आणि कार्यक्रमाचं सूत्रसंचालनही झालं.

एका शब्दाला असे एकमेकांतून फुटलेले अर्थ असणं, याला फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मिशेल ब्रेआल यांनी १८९७ च्या आपल्या ग्रंथात नाव दिलं. मराठीत त्याला अनेकार्थता म्हणतात. आपलं 'पान' घ्या: झाडाचं, वहीचं, विड्याचं, आणि पंगतीत मांडलेलं. हे सगळे अर्थ एकाच घरातले. 'वर'चं तसं नाही. माडीवर जाण्यातला वर आणि वरातीतला वर यांचं काही नातं नाही, फक्त उच्चार जुळला.

हा फरक मेंदूलाही जाणवतो. २००२ साली ब्रिटनमध्ये जेनिफर रॉड आणि सहकाऱ्यांनी लोकांना पडद्यावर अक्षरं दाखवली. हा खरा शब्द आहे की बनावट, एवढंच बटण दाबून सांगायचं होतं. नात्यातले अनेक अर्थ असलेले शब्द लवकर ओळखले गेले. बिनानात्याचे अर्थ असलेल्या शब्दांना वेळ जास्त लागला. म्हणजे 'पान'सारख्या शब्दाचे अर्थ ओळखायला हातभार लावतात, 'वर'सारख्याचे आपसांत झगडतात.

त्याआधी १९७९ मध्ये डेव्हिड स्विनी यांचा प्रयोग झाला होता. इंग्रजीत 'बग' म्हणजे किडा, आणि चोरून ऐकण्यासाठी लपवलेला मायक्रोफोनही. वाक्य उघडउघड किड्यांबद्दल असलं तरी शब्द कानावर पडताच दोन्ही अर्थ जागे होत होते. दोन-तीन अक्षरं पुढे गेली की नको असलेला अर्थ विझून जायचा. काकू "लाइन" म्हणतात तेव्हा आपल्या डोक्यातही बहुधा असंच घडत असावं, पण "गेली" ऐकेपर्यंत निवाडा झालेला असतो.

संगणकाला हे शिकवताना मात्र शास्त्रज्ञांचा घाम निघाला. १९९३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी नेमका 'लाइन' हाच शब्द परीक्षेला घेतला. त्याची चार हजारांवर वाक्यं गोळा केली आणि सहा अर्थांत वाटली. निम्म्याहून जास्त वाक्यांत लाइन म्हणजे कंपनीचा एखादा माल निघाला, कारण वाक्यं मुख्यतः व्यापारी वर्तमानपत्रातली होती. मूळचा दोरीचा अर्थ फार थोड्या वाक्यांत उरला होता.

इतके अर्थ भाषा का खपवून घेते? अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज झिफ यांनी १९४५ मध्ये दाखवलं की शब्द जितका जास्त वापरात, तितके त्याला अर्थ जास्त. मला पटणारं कारण काटकसरीचं आहे. छोटा, तोंडात बसलेला शब्द नव्या कामाला जुंपणं सोपं जातं, आणि प्रसंगच बाकीचं सांगतो.

आपल्याकडे तर या शब्दाला स्वतःच्या फांद्या फुटल्या. लाइन मारणं इंग्रजीतून आलेलं नाही. घरातली वीज गेली, हे सांगायला इंग्रज माणूसही 'लाइन गेली' म्हणणार नाही. कपडे वाळत घालायची ती इंग्रजांची लाइन मात्र आपण घेतली नाही, आपण तार किंवा दोरीच म्हणतो. गवंडीकाम चालू असेल तिथे जरा थांबून ऐका. विटांचा थर सरळ यावा म्हणून मिस्त्री दोन टोकांना खिळे ठोकतो आणि पोराला हाक मारतो, "लाइनदोरी आण बे!"